दारासिंग, वरळीच्या कुस्त्या आणि स्टिरॉइड हा बदनाम शब्द

समजा, वरळी कोळीवाड्यातल्या एकाच घरातून दोन पेशंट दवाखान्यात येतात. एक आजी, दम्याच्या. त्यांना इनहेलर लिहून दिला होता, पण महिना झाला तरी तो खोक्यातून बाहेर निघालेला नाही, कारण शेजारणीने सांगितलं की त्यात स्टिरॉइड असतं आणि त्याची सवय लागते. दुसरा त्यांचा नातू, वय एकोणीस. पाठीवर आणि खांद्यावर अचानक पुरळ उठलंय म्हणून आलाय. जिमच्या बॅगेत काय आहे असं विचारलं की तो खाली बघतो. त्या बॅगेतल्या कुपीतही स्टिरॉइडच असतं. आजी ज्या औषधाला घाबरतात ते त्यांना तारणारं असतं, आणि नातू जे बिनधास्त टोचून घेतो ते त्याला बाधणारं. दोन्हींचं आडनाव एकच असल्यामुळे घरातल्या कुणालाच फरक कळत नाही.

हा घोळ एका दिवसात झालेला नाही. त्यामागे कुस्तीचा, विशेषतः तिकीट लावून होणाऱ्या फ्री-स्टाइल कुस्तीचा मोठा इतिहास आहे. तो समजून घ्यायचा तर तुमच्या ओळखीचा एक माणूस उपयोगी पडेल. दारासिंग. त्यांना कुस्ती खेळताना तुम्ही बघितलं नसेलही, पण दूरदर्शनवरचा हनुमान तुम्हाला आठवत असणार. आणि घरातला एखादा पोरगा ताकद दाखवायला लागला की तू काय स्वतःला दारासिंग समजतोस का, असं आपण आजही विचारतो.

दारासिंग यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८चा, अमृतसर जिल्ह्यातल्या धरमूचक गावचा. घर शेतकऱ्याचं. लहानपणापासून अंगमेहनत, घरचं दूध-तूप आणि गावातल्या मातीत कुस्ती. असं बालपण कोल्हापूर-साताऱ्याकडच्या कुठल्याही पैलवानाचं असतं, त्यात वेगळं काही नाही. वेगळेपण सुरू होतं ते १९४७मध्ये. त्या वर्षी ते सिंगापूरला गेले आणि ड्रम बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागले. ग्रेट वर्ल्ड नावाच्या करमणूक केंद्रात तेव्हा कुस्त्यांचे खेळ होत. तिथे हरनामसिंग या वस्तादांच्या हाताखाली त्यांनी व्यावसायिक कुस्ती शिकायला सुरुवात केली. उंची सहा फूट दोन इंच, आणि पुढे भरात असताना वजन १२५ किलोच्या पुढे.

ही व्यावसायिक कुस्ती म्हणजे आपल्या लाल मातीतली कुस्ती नव्हे, आणि ऑलिंपिकची गादीवरची कुस्तीही नव्हे. दोरांनी वेढलेली रिंगण, तिकिटं, पोस्टरं, भडक टोपणनावं, एक चांगला आणि एक दुष्ट, असा तो सगळा मामला. तुलनेसाठी एक गोष्ट सांगतो. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे जाण्यासाठी त्यांना लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते, आणि पुढचं आयुष्य त्यांनी पोलीस खात्यात नोकरी करून काढलं. त्याच काळात दारासिंग तिकिटावर कुस्त्या करून नाव आणि पैसा दोन्ही मिळवत होते. कोण मोठं, हा प्रश्न इथे नाही. पण पुढे औषधांचा शिरकाव कुठे सहज झाला असेल, हे या फरकावरून लक्षात येतं. जिथे शरीर हाच तमाशा असतो, तिथे शरीर मोठं दिसण्याला पैसे मिळतात.

१९५४मध्ये टायगर जोगिंदरसिंग यांना हरवून दारासिंग रुस्तम-ए-हिंद झाले. १९५९मध्ये कलकत्त्यात कॅनडाच्या जॉर्ज गोर्डिएन्कोला हरवून त्यांनी राष्ट्रकुल विजेतेपद घेतलं. २९ मे १९६८ रोजी इथे मुंबईत अमेरिकेच्या लू थेझवर त्यांनी विजय मिळवला आणि जगज्जेते म्हणून त्यांची मिरवणूक देशभर निघाली.

वरळीकरांना मात्र या किताबांपेक्षा वल्लभभाई पटेल स्टेडियम आठवतं. कोळीवाड्यातून निघून समुद्राच्या कडेकडेने हाजीअलीच्या दिशेला चालत राहिलं की ते लागतं. आज तिथे परिषदा, लग्नं आणि गाण्यांचे कार्यक्रम होतात, पण एकेकाळी दारासिंग आणि किंगकाँग यांची नावं त्या स्टेडियमशी जोडलेली होती. किंगकाँगचं खरं नाव एमिल झाजा, मूळचा हंगेरियन, डोंगराएवढा देह. गिरणगाव जवळच होतं आणि गिरण्यांच्या चाळीचाळींत सातारा-कोल्हापूरहून आलेले, तालमीत घाम गाळलेले कामगार होते, त्यामुळे कुस्तीला दर्दी प्रेक्षक कमी नव्हता. घरात सत्तरी-ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना किंगकाँगबद्दल विचारून बघा. डोळे चमकतील.

आणि लगेच दुसरं वाक्य येईल, की त्या कुस्त्या खोट्याच होत्या म्हणे.

व्यावसायिक कुस्तीच्या प्रतिमेला लागलेला पहिला डाग औषधांचा नव्हता, ठरवून केलेल्या निकालाचा होता. आपल्याकडे नूरा कुस्ती हा शब्द आता राजकारणातच जास्त वापरला जातो. वर्तमानपत्रात दोन गटांची मारामारी झाली की मथळा येतो फ्री-स्टाइल हाणामारी. हे दोन्ही शब्दप्रयोग कुस्तीच्या आखाड्यातून बाहेर आले आणि वर अविश्वास घेऊन आले. जगभरातल्या व्यावसायिक कुस्तीत निकाल बहुतांशी ठरलेले असत. पण डॉक्टर म्हणून एक सांगतो. निकाल ठरलेला असला तरी पाठीवर आपटणं खरं असतं. मणका, गुडघा, मान यांना निकाल आधी ठरलाय हे कळत नाही. १२५ किलोचा माणूस वर्षातून कित्येक रात्री फळ्यांवर आदळत असेल, तर त्या शरीराला दुखणं असतं, आणि दुखण्यावर औषधं लागतात. पुढच्या गोष्टीत हे महत्त्वाचं आहे.

आता दारासिंग यांच्या शरीराकडे बघा. १९६२चा किंगकाँग किंवा १९६३चा फौलाद हे त्यांचे चित्रपट, किंवा त्या काळचे फोटो. छाती भरदार, दंड जाड, मांड्या खांबासारख्या. पण पोटावर कातीव रेघा नाहीत, शिरा दोरासारख्या वर आलेल्या नाहीत, कातडी कागदासारखी पातळ दिसत नाही. पोट थोडं पुढेच आहे. हे जोर, बैठका, मेहनत, दूध, तूप, बदाम यांनी घडलेलं शरीर आहे. रोजच्या खुराकावर आणि तासन्‌तासाच्या घामावर माणूस असाच दिसतो. कोळीवाड्यातल्या जुन्या नाखव्यांचे फोटो पाहिलेत तर खांदे असेच दिसतील, जाळी ओढून ओढून कमावलेले. आजच्या जिममध्ये भिंतीवर लावलेल्या फोटोंशी हे शरीर जुळत नाही आणि आजची मुलं त्यांना बेढबसुद्धा म्हणतील. तिथेच खरी गोम आहे. आपली नजर बदलली, आणि ती बदलण्यात औषधांचा हात होता.

तारखा जुळवून बघा. पुरुषांमधलं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक १९३५मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. त्यावरून पुढे अनेक कृत्रिम रेणू बनले. त्यांतला सगळ्यांत गाजलेला म्हणजे मेथॅन्डिएनोन, जो सिबा या स्विस कंपनीने अमेरिकेत १९५८मध्ये डायनाबॉल या नावाने बाजारात आणला. जॉन झीगलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ती गोळी वजन उचलणाऱ्या खेळाडूंना द्यायला सुरुवात केली. दारासिंग त्याच्या चार वर्षं आधीच रुस्तम-ए-हिंद झाले होते. म्हणजे त्यांचं शरीर घडलं ते या गोळ्यांचं युग सुरू होण्यापूर्वी. त्यांच्या कुस्त्यांबद्दल लोकांच्या मनात जी शंका होती ती निकालांबद्दलची होती.

पुढच्या पिढीचं तसं राहिलं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती टीव्हीवर गेली, पैसा कित्येक पटीने वाढला, आणि कुस्तीगीर पुतळ्यासारखे दिसू लागले. आपल्याकडे केबल आल्यावर नव्वदच्या दशकात हे घराघरांत पोहोचलं. तुमच्यापैकी आज चाळिशीत असलेल्यांनी त्या कुस्तीगिरांची कार्डं जमवली असतील, शाळेच्या मधल्या सुट्टीत खेळली असतील. त्या कार्डांवर उंची, वजन, छाती, दंड छापलेले असायचे. ते आकडे कशाने आले हे मात्र छापलेलं नसायचं.

त्या कार्डांवरचे कुस्तीगीर शाळेत फिरत होते तेव्हा अमेरिकेत वेगळंच चाललं होतं. १९८९मध्ये व्हिन्स मॅकमहन यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीने न्यू जर्सी राज्यात मान्य केलं की हा खेळ नाही, करमणूक आहे. अनेकांना वाटलं, चला, एकदाचं खरं बोलले. पण त्यामागे व्यवहार होता. खेळ म्हटलं की सरकारी परवाना आला, कर आला आणि कुस्तीआधीची वैद्यकीय तपासणीही आली. करमणूक म्हटलं की हे सगळं टळतं. म्हणजे नूरा कुस्तीचा जुना डाग कबूल करून टाकला, आणि त्याच्या बदल्यात डॉक्टरची नजर दूर झाली. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट वाटते.

अर्थात डॉक्टर जवळ असले म्हणजे सगळं ठीक असतं असंही नाही. जॉर्ज झहोरियन हा पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या क्रीडा आयोगाने कुस्त्यांवर देखरेखीसाठी नेमलेला डॉक्टर. तोच कुस्तीगिरांना स्टिरॉइड विकत होता. १९९१मध्ये तो दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. हल्क होगनने त्या वर्षी टीव्हीवर आपण तसलं काही घेत नाही असा आव आणला, आणि १९९४मध्ये मॅकमहनवरच्या खटल्यात साक्ष देताना घेतल्याचं मान्य केलं. मॅकमहन निर्दोष सुटले. लोकांच्या मनात मात्र कायमचं बसलं की हे फुगवलेले लोक आहेत. नोव्हेंबर २००५मध्ये एडी गरेरो अडतिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्यानंतर २००६मध्ये कंपनीने औषधचाचण्या आणि हृदयतपासणीचं धोरण आणलं. जून २००७मध्ये क्रिस बेन्वाने पत्नी आणि मुलाचा जीव घेऊन आत्महत्या केली आणि स्टिरॉइडचा विषय पुन्हा पहिल्या पानावर आला. त्या प्रकरणात सगळा दोष स्टिरॉइडवर टाकणं सोपं होतं, पण पुढे त्याच्या मेंदूच्या तपासणीत डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या आघातांची मोठी इजाही आढळली. एकाच कारणाने असं घडलं असं मी पेशंटला सांगणार नाही.

महाराष्ट्राला हा चटका बसला तो २०१६मध्ये, आणि तोही ऑलिंपिकच्या कुस्तीत. मुंबईत वाढलेला, तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकला निघाला होता. त्याच्या चाचणीत मेथॅन्डिएनोन सापडलं. तीच ती १९५८ची गोळी, साठ वर्षांनीही तशीच. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मुद्दाम मिसळलं असं त्याचं म्हणणं होतं, राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने ते मानून त्याला मोकळं केलं, पण क्रीडा लवादाने १८ ऑगस्ट २०१६ रोजी, त्याची लढत ठरलेली असताना, चार वर्षांची बंदी घातली. त्या काळात तालमींच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. आणि जिममधल्या पोरांनी त्यातून काय शिकलं? औषधाचं नाव. हे मी उपहासाने म्हणत नाही. ज्या औषधाची बातमी येते त्याची चौकशी वाढते, हा आमचा दवाखान्यातला अनुभव आहे.

ही औषधं शरीरात करतात काय

आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होतं ते मेंदूच्या हुकमाने. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी संदेश पाठवते, वृषणं संप्रेरक बनवतात. बाहेरून गोळी किंवा इंजेक्शन आलं की मेंदूला वाटतं साठा भरपूर आहे, आणि तो हुकूम थांबवतो. वृषणं आकसतात, शुक्रजंतू कमी होतात, कधी शून्यावर येतात. जिममध्ये घेतल्या जाणाऱ्या मात्रा उपचारासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या दहा ते शंभर पट असू शकतात. जास्तीचं संप्रेरक काही प्रमाणात स्त्री-संप्रेरकात बदलतं, त्यामुळे मुलांची छाती सुजून दुखू लागते. ती वाढलेली गाठ बऱ्याचदा औषधाने जात नाही, शस्त्रक्रिया लागते. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून जोडपं येतं, सगळ्या तपासण्या आधी बायकोच्या होतात, आणि खरं कारण नवऱ्याच्या चार वर्षांपूर्वीच्या जिममध्ये निघतं. औषध बंद केल्यावर शुक्रजंतू बहुतेकांचे परत येतात, पण त्याला महिने, कधी वर्ष-दोन वर्षं लागतात.

ही वरवर दिसणारी लक्षणं. हृदयावरचा परिणाम दिसत नाही. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्तदाब वाढतो, रक्त घट्ट होतं, गुठळीची शक्यता वाढते. दंडाचा स्नायू वाढतो तसा हृदयाचाही जाड होतो, पण जाड हृदय म्हणजे ताकदवान हृदय नव्हे. ते नीट सैल पडत नाही, ठोका चुकतो. तिशीतला, बाहेरून दणकट दिसणारा माणूस व्यायाम करताना कोसळतो तेव्हा शोधण्याच्या कारणांत हे एक असतं. गोळ्यांच्या रूपातली स्टिरॉइड यकृतालाही बाधतात, कावीळ होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने घेतली तर हाडांची वाढीची टोकं वेळेआधी जुळतात आणि उंची तिथेच थांबते. उंच आणि रुंद दिसण्यासाठी घेतलेल्या औषधाने मुलगा बुटका राहतो, हे आईवडिलांना सांगताना आम्हालाही जड जातं. मुलींमध्ये आवाज घोगरा होतो, आणि तो औषध थांबवूनही पूर्ववत होईलच असं नाही.

औषध एकदम सुटलं की उदासी येते. शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायला विसरलेलं असतं. झोप उडते, इच्छा मरते, आरशात स्वतःचं शरीर लहान होताना दिसतं. या टप्प्यावर मुलगा पुन्हा सुईकडे वळतो. घरच्यांनी या काळात ओरडण्यापेक्षा त्याला सोबत घेऊन डॉक्टरकडे यावं. जीव द्यावासा वाटतो असं तो बोलला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि डॉक्टरला खरं सांगा. आम्ही पोलिसांना कळवत नाही. कुपीवरचं नाव, किती आठवडे घेतलं, सुई कुणाबरोबर वाटून घेतली का, एवढं कळलं की तपासण्या नेमक्या करता येतात. सुई वाटली असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या तपासण्या हव्यातच.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत आणखी एक इंजेक्शन तालमी आणि जिमच्या आसपास पकडलं जातंय, मेफेन्टरमिन. ते स्टिरॉइड नाही. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ ते वापरतात. जिममध्ये ते घेतात थकवा न जाणवावा म्हणून. पण थकवा ही शरीराची थांबण्याची खूण आहे. ती पुसून टाकली की हृदय धावत राहतं, आणि काही वेळा बंद पडतं. मुलाच्या छातीत धडधड, रात्रभर झोप नाही, चिडचिड, संशयीपणा असं दिसलं तर हा विचार मनात असू द्या.

आजींचा इनहेलर

आता खोक्यातल्या इनहेलरकडे वळू. त्यातलं स्टिरॉइड वेगळ्या घराण्यातलं आहे. आपल्या मूत्रपिंडांच्या वर अॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसॉल बनवतात. त्याच धर्तीची औषधं म्हणजे कॉर्टिकोस्टिरॉइड. १९४८मध्ये अमेरिकेत सांधेवाताच्या पेशंटला कॉर्टिसोन पहिल्यांदा दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. दोनच वर्षांत त्या कामाला नोबेल मिळालं. कोविडच्या साथीत ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटचे प्राण वाचवण्यात डेक्सामेथासोनचा वाटा होता, तेही याच घराण्यातलं.

या औषधाने दंड फुगत नाहीत. उलट जास्त मात्रेत आणि जास्त दिवस पोटातून घेतलं तर मांड्यांचे स्नायू झिजतात, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा गोल होतो. म्हणून आम्ही ते मोजून देतो. इनहेलरमध्ये तर मात्रा फारच कमी असते. प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. ब्युडेसोनाइड इनहेलरचा एक डोस साधारण २०० मायक्रोग्रॅमचा असतो, आणि तो थेट श्वासनलिकेत जातो. घेतल्यावर पाण्याने चूळ भरून थुंकून टाकायची, म्हणजे तोंडात बुरशी येत नाही. एवढीच काळजी. सवय लागण्याचा प्रश्न नाही. दमा टिकून असतो म्हणून औषध टिकून असतं.

गोळ्यांबाबत मात्र एक कडक सूचना आहे. तीन आठवड्यांहून जास्त काळ स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने एकदम थांबवू नका. अॅड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. एकदम बंद केल्यास रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. वजन वाढवण्याच्या नावाखाली मिळणाऱ्या काही बेनामी पुड्या-गोळ्यांमध्ये डेक्सामेथासोन मिसळलेलं सापडतं, तेव्हा तशा पुड्या चालू असतील तर त्याही घेऊन या, फेकून देऊ नका.

पुन्हा दारासिंग

दारासिंग यांनी १९८३मध्ये दिल्लीत शेवटची स्पर्धा घेतली आणि निवृत्ती जाहीर केली. वय चोपन्न. तोपर्यंत सिनेमातही त्यांचं बस्तान बसलं होतं, मुमताजबरोबर तर डझनाहून जास्त चित्रपट झाले होते. मग १९८७मध्ये रामायण सुरू झालं आणि साठीला टेकलेला हा माणूस हनुमान झाला. गंमत बघा. ज्याच्या कुस्त्या खोट्या म्हणून लोक हसले, त्याच्या हनुमानापुढे घराघरांत टीव्हीला हार घातले गेले. फ्री-स्टाइलची बदनामी त्यांना चिकटली नाही ती बहुधा यामुळेच. २००३ ते २००९ ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते.

पैलवानांच्या उतारवयाबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. मेहनत थांबते, खुराक थांबत नाही. तालीम सुटलेल्या माणसाच्या ताटात तेच तूप, तेच बदाम, तेच दोन लिटर दूध. मग चाळिशीनंतर मधुमेह आणि रक्तदाब. घरात जुने पैलवान असतील तर त्यांची साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. खुराक मेहनतीच्या प्रमाणात उतरवायचा असतो.

७ जुलै २०१२ रोजी दारासिंग यांचं हृदय मुंबईत अचानक बंद पडलं. त्यांना अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयात नेलं. याला कार्डियाक अरेस्ट म्हणतात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो, पण माणूस बहुधा शुद्धीत असतो. अरेस्टमध्ये पंपच थांबतो, माणूस लगेच बेशुद्ध पडतो. मेंदूला चार-पाच मिनिटं रक्त मिळालं नाही की इजा सुरू होते. त्यामुळे असा माणूस समोर कोसळला, हाक मारून उठत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर १०८ला फोन लावा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा. कोळीवाड्याच्या बोळांत गाडी आत येत नाही, त्यामुळे एकाने दाबत राहायचं आणि दुसऱ्याने रस्त्यापर्यंत धावून रुग्णवाहिकेच्या माणसांना आणायचं.

दोन दिवसांनी कळलं की रक्त न पोहोचल्याने दारासिंग यांच्या मेंदूला मोठी इजा झाली आहे. ते व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टरांच्या हातात आता करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. अशा वेळी कुटुंबाला एक प्रश्न सोडवावा लागतो, तो तुमच्यावरही कधी येऊ शकतो. अतिदक्षता विभागात राहायचं की घरी न्यायचं? घरी नेणं म्हणजे उपचार सोडून देणं असा अर्थ लावून नातेवाईक एकमेकांना दोष देतात, आणि तो दोष वर्षानुवर्षं घरात फिरत राहतो. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की मेंदू सुधारण्याची शक्यता किती, पुढे काय वाढून ठेवलंय, घरी त्रास होऊ नये म्हणून काय देता येईल. उत्तरं लिहून घ्या, आणि घरातल्या सगळ्यांनी ती एकत्र ऐका.

११ जुलैला त्यांना घरी आणण्यात आलं. १२ जुलैच्या सकाळी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी आपल्या घरी शेवटचा श्वास घेतला. अंत्यसंस्कार जुहूला झाले.